परवलीचा शब्द, जरा मोठ्यानं

माझ्या आयुष्यातला पहिला पासवर्ड म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव.

हसू नका, त्यामागं विचार होता. लग्न झाल्यापासून ते नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. घरात ‘अहो’, बाहेर ‘हे’, डॉक्टरपुढं ‘आमच्या घरातले’. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उखाण्यात घेत असेन तेवढंच, तेही पदर तोंडाशी धरून. जो शब्द आपण कधी उच्चारतच नाही, तो दुसऱ्याला ओळखता कसा येणार, असा माझा बिनतोड हिशेब. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला. मी आजूबाजूला कुणी नाही असं बघून घेतलं आणि एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत, एम ए डी एच यू के ए आर असं दाबलं. पडद्यावर अक्षरांच्या जागी चांदण्या उमटल्या. दोन मुलांची आई मी, पण चक्क लाजले.

आमच्या रक्तपेढीच्या डॉक्टर, मगदूम मॅडम, मागं येऊन उभ्या राहिल्या.

“ठेवलास का गं पासवर्ड, शालन?”

“ठेवला मॅडम. ब्रह्मदेवाच्या बापाला कळायचा नाही.”

मॅडमनी एकदा माझ्या टेबलाकडं बघितलं, की-बोर्ड स्वतःकडं ओढला आणि दोन बोटांनी टकटक केलं. कॉम्प्युटर उघडला! ही बाई काय मनातलं वाचते की काय? टेबलावरची लाकडी पाटी उचलून मॅडमनी तिचं तोंड माझ्याकडं फिरवलं. सौ. शालिनी मधुकर, आणि पुढं आडनाव. पाटी मी हौसेनं करून घेतली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला लांबून दिसावी म्हणून अक्षरं ठळक काढायला सांगितली होती.

गंमत म्हणजे पेढीतल्या आणखी दोघी संसारी बायकांनीही हाच हिशेब केला होता. मॅडमनी त्या दिवशी चहा निवायच्या आत आमचे तिघींचे नवरे उघडले.

हे सगळं आठवायचं कारण माझी नात. परवा तिनं माझ्या फोनमध्ये एक पासवर्ड सांभाळणारं ॲप घालून दिलं. बँकेचा, गॅसचा, विजेच्या बिलाचा, सगळे पासवर्ड त्याच्या पोटात. “आजी, तू फक्त एकच लक्षात ठेवायचा. बाकी सगळे तो सांभाळतो.” मी म्हटलं, अगं, हे काम मी केलंय! सांगलीच्या विश्रामबागेत, एका रक्तपेढीत, हाडामांसाची बसून. आणि सगळं एकाच डोक्यात ठेवलं की काय होतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. ती म्हणाली, “मग लिही की.” म्हणून लिहिते आहे.

नव्वदीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. बाहेरच्यांना वाटतं, रक्तपेढी म्हणजे रक्ताचं दुकान. फ्रीज उघडायचा, पिशवी द्यायची. तसं नसतं. रक्त घेण्याआधी माणूस तपासायचा, घेतल्यावर रक्त तपासायचं, गट बघायचा, कावीळ नाही ना, एड्सचे जंतू नाहीत ना बघायचं, आणि द्यायच्या वेळी घेणाऱ्याच्या रक्ताशी जुळतं का ते पुन्हा बघायचं. रक्त काही महिनोन्महिने टिकत नाही. त्यामुळं पेढीची खरी पुंजी फ्रीजमध्ये नसतेच. ती असते गावोगावच्या माणसांत. कुणाचा गट कोणता, तो राहतो कुठं, आणि हाक मारली तर किती लवकर येईल, हे ज्या पेढीला माहीत ती श्रीमंत.

ती माहिती सांभाळणं हे माझं काम. पूर्वी ती मोठ्या रजिस्टरात असे आणि रजिस्टर काउंटरवर. येणारा जाणारा पानं चाळायचा. अमक्याचं रक्त परत का पाठवलं, तमक्याच्या नावापुढं लाल फुली का, अशा चौकशा. त्या काळात एड्सचं नाव नुसतं कुजबुजीत निघालं तरी माणसाचं गावातलं पाणी बंद व्हायची वेळ. म्हणून मॅडमनी रजिस्टर बंद केलं आणि विश्वस्तांच्या मागं लागून कॉम्प्युटर आणवला. त्याच्यासाठी वेगळी खोली, पडदे, दारात चपला काढायच्या. दसऱ्याला मी त्याला हळदकुंकू वाहिलं ते फ्लॉपीच्या फटीत गेलं, आणि मेकॅनिक कोल्हापुराहून येईपर्यंत पेढी अडून राहिली. तेव्हाची माझी अक्कल एवढीच.

विश्वस्तांत हळदीचे एक जुने व्यापारी होते, अण्णा. पासवर्ड म्हणजे काय हे त्यांना समजावताना मॅडम दमल्या. शेवटी अण्णाच म्हणाले, “म्हंजे आमचा रुमालाखालचा सौदा की वो! रुमालाखाली हातात हात घालून बोटांनी भाव सांगायचा. रुमाल सरकला की भाव गेला.” इतकं सोपं मला पुढं कुणी सांगितलं नाही.

रुमालाखाली किती तऱ्हेची गुपितं असतात ते तिथं बसल्यावर कळलं. एका तालमीतला पैलवान नेमानं रक्त द्यायचा. दंड माझ्या मांडीएवढे, पण सुई बघितली की डोळे पांढरे. दर वेळी खाटेवरून उठला की पहिलं वाक्य ठरलेलं, “ताई, वस्तादला सांगू नगासा.” आम्ही कुणी सांगितलं नाही. तो मैदान मारून यायचा आणि आमच्याकडं चक्कर येऊन पडायचा.

आणि एकदा तासगावकडचे एक बागाईतदार आले. पांढरा फेटा, हातात कापडी पिशवी. काउंटरवर कुणी नाही असं बघून पुढं वाकले.

“बाई, एक काम हुतं. जरा खाजगी.”

“बोला की मामा.”

“आमच्या शेजारच्या गावचं एक पोरगं तुमच्याकडं रगात देतंय म्हनं. त्येचं रगात कसं हाय, तेवढं बघून सांगा की.”

“तुम्ही त्याचे कोण?”

“अजून कोन न्हाई. व्हनारा सासरा.”

पिशवी टेबलावर आली. आत बेदाणे. “घरच्या बागंचं हायती. हिरवंगार.”

“मामा, हे सांगता येत नाही.”

त्यांचा चेहरा उतरला. “का? चांगलं न्हाई व्हय?”

बघा, अडचण अशी असते! ‘सांगणार नाही’ म्हटलं की ऐकणारा वाईटच धरतो. मामांनी नाव सांगितलं त्या पोराचं रक्त मला पाठ होतं, अगदी नितळ होतं. ‘काळजी नको’ एवढं म्हटलं असतं तरी एक म्हातारा सुखानं घरी गेला असता. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण आज चांगलं सांगितलं, तर उद्या दुसऱ्याच्या बाबतीत गप्प राहिले की गप्प राहण्याचाच अर्थ लागणार.

“चांगलं असलं तरी सांगत नाही, वाईट असलं तरी सांगत नाही,” मी म्हटलं. “उद्या त्याचा बाप तुमच्या पोरीचं विचारत आला, तर त्यालाही हेच सांगीन.”

“माज्या पोरीचं त्यो कशाला इचारंल?”

“तुम्ही त्याच्या पोराचं विचारताय तसंच.”

मामा थोडा वेळ फेट्यात बोट घालून डोकं खाजवत राहिले. मग पिशवी उचलून चालू लागले. दारातून परत आले आणि पिशवी पुन्हा टेबलावर ठेवली. “ऱ्हाऊ द्या तुमास्नीच. त्वांड बंद ठिवायचं तर तोंडात कायतरी पायजे.”

त्या पोरीचं लग्न तिथंच झालं का, कोण जाणे. बेदाणे मात्र गोड होते.

तर असं हे काम, आणि नवऱ्यांची नावं उघडी पडल्यावर मॅडमनी फर्मान काढलं. पासवर्ड दर महिन्याला बदलायचा, घरातल्या माणसाचं, देवाचं, गावाचं नाव चालणार नाही, आणि कागदावर लिहायचा नाही. तीनदा चुकला की प्रोग्रॅम तुम्हाला बाहेर काढणार. दात्यांचे पत्ते तर फक्त दोघींना उघडणार, मॅडमना आणि मला.

फर्मान चोख होतं, पण माणसं माणसांसारखी. दोन दिवसांत सगळे विसरले. काउंटरवरच्या वहिनी सकाळी यायच्या, “शालनताई, काल मी काय ठेवलं होतं वो?” जणू पोळ्यांचा डबा. मग मीच प्रत्येकीला शब्द काढून द्यायला लागले. पुढं तो लक्षातही मीच ठेवायला लागले, आणि शेवटी सकाळी आले की सगळ्यांचे मीच दाबून ठेवायचे. मॅडमचासुद्धा! सगळ्यांची सोय झाली. फोनवरून बाहेरगावी एसटीडी लावायला कुलूप होतं, त्याचा आकडाही माझ्याकडं आला. औषधांच्या कपाटाची किल्ली कमरेला आली. मी मॅट्रिक झालेली बाई. पण पेढीत पानसुद्धा माझ्यावाचून हलत नव्हतं. त्या दिवसांत माझी चाल बदलली होती, असं हे सांगतात.

एकटी प्रज्ञा तेवढी माझ्या मुठीत आली नाही. प्रज्ञा कांबळे आमची टेक्निशियन. तासगाव तालुक्यातल्या खेड्यातून एसटीनं सांगलीला येऊन शिकलेली, हात असा की रक्ताचा थेंब इकडचा तिकडं नाही. मी तिला प्रेमानं म्हटलं, “तुझाही सांगून ठेव गं, विसरलीस तर?”

“विसरत नाही ताई. आणि तो सांगायचा नसतो ना?”

वाक्य साधं होतं, पण मला लागलं. काल आलेली पोर मला शिकवते! ती माझ्याशी कधी वावगं बोलली नाही. मीच मनात अढी धरली.

मग साताऱ्याचं लग्न आलं. माझ्या थोरल्या दिरांच्या मुलाचं. रजेचा अर्ज घेऊन गेले तेव्हा मॅडम म्हणाल्या, “तुझा पासवर्ड तेवढा प्रज्ञाला देऊन जा.”

“एका दिवसात काय आभाळ कोसळतंय मॅडम? आणि तुमचा आहेच की.”

“माझा मला कुठं आठवतोय?”

“सांगते जाताना,” मी म्हटलं. सांगितला नाही. गडबडीत विसरले असं मी पुष्कळ दिवस सगळ्यांना सांगत होते. खरं कारण असं की तिला दिला असता आणि माझ्यावाचून दिवस सुरळीत गेला असता, तर मग मी कशाला?

आणखी एक कारण होतं. माझा त्या महिन्याचा पासवर्ड कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

झालं होतं असं, की माझ्या सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याहून आमच्याकडं येऊन राहिल्या होत्या. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. माणूस सोन्याचा, पण झोप लागली की घरात ट्रॅक्टर चालू झाल्यासारखं वाटायचं. दोन खोल्यांचं घर, जाणार कुठं? कित्येक रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. अशाच एका सकाळी मी चुरचुरत्या डोळ्यांनी कॉम्प्युटरपुढं बसले, आणि नेमका त्यानं नवा पासवर्ड मागितला. देवाचं नको, गावाचं नको, माणसाचं नको. मनात एकच गोष्ट होती. ती दाबून टाकली. जरा हलकं वाटलं.

साताऱ्याच्या मंगल कार्यालयात अक्षता पडल्या, पंगती सुरू झाल्या. मी वाढायला उभी. तेवढ्यात कार्यालयाचा मॅनेजर दारातून ओरडला, “सांगलीच्या रक्तपेढीचा फोन हाय! शालनबाई कोन?”

लग्नघरात ‘रक्त’ हा शब्द! निम्म्या बायका उठून उभ्या राहिल्या. मी हातातलं भांडं जावेकडं दिलं आणि धावले. फोन मॅनेजरच्या टेबलावर, अगदी प्रवेशद्वाराशी. एका बाजूला आहेर घेणाऱ्यांची रांग, दुसऱ्या बाजूला हलगीवाले जोरात. माझ्या पाठोपाठ आत्या आल्या, ऑपरेशनच्या काळ्या चष्म्यासकट. “काय झालं गं? पोरं बरी हायती न्हवं?” माझी मुलं शाळेमुळं सांगलीला शेजाऱ्यांकडं होती.

“हॅलो!”

“ताई, मी प्रज्ञा! समोरच्या बूथमधून बोलतेय. पेढीतल्या फोनवरून एसटीडी लागेना, लग्नपत्रिकेवरचा नंबर बघून लावला!”

कुलूप माझंच. “काय झालं?”

“बाळंतीण आहे. तासगावकडची. ओ निगेटिव्ह. रक्त थांबत नाही म्हणतात. आपल्याकडं एकच पिशवी होती, ती दिली. डॉक्टर आणखी दोन तरी मागतायत. दात्यांचे पत्ते उघडायला पाहिजेत.”

“मॅडम कुठं आहेत?”

“कुपवाडला शिबिरात. माणूस पाठवला. त्यांनी आठवून आठवून तीन शब्द सांगितले, तिन्ही चुकले. मॅडमना कॉम्प्युटरनं बाहेर काढलं. आता तुमचाच राहिलाय. जुन्या फॉर्मचे गठ्ठे काढलेत, पण ते शिबिरवार लावलेत, त्यात गट शोधायचा म्हणजे...” तिचा आवाज चिरकला. “ताई, बाईचा नवरा इथं बूथच्या दाराशी उभा आहे. लवकर सांगा की वो!”

आत्या माझ्या कोपराला कोपर लावून उभ्या होत्या.

मी तोंडावर हात धरला आणि हळू आवाजात एकेक अक्षर सांगायला लागले. “ए... टी...”

“ऐकू येत नाही ताई! नुसता गोंगाट येतोय. शब्द सांगा, अक्षरं मी लावते. मोठ्यानं!”

मी आत्यांकडं बघितलं. त्या काळजीनं माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

मी थांबले. फार नाही, हलगीचे चार ठोके पडले असतील. पण तिकडं एक बाई रक्तानं रिती होत होती आणि इकडं मी माझी अब्रू तोलत उभी होते. त्या चार ठोक्यांची मला आजही लाज वाटते. पासवर्ड ठेवल्याची वाटत नाही.

मग मी डोळे मिटले आणि ओरडले, “आत्या घोरते!”

“काय?”

“आत्या! घोरते!”

हलगीवाले थांबले असते तर एवढं ओरडावं लागलं नसतं. आहेराची रांग वळून माझ्याकडं बघायला लागली. तिकडं विश्रामबागेत प्रज्ञा बूथच्या काचेतून रस्त्याला ऐकू जाईल अशी उलट ओरडत होती, “आत्या घोरते? घोरते ना ताई, घोरतात नाही ना? तीनदा चुकून चालणार नाही!”

“घोरते! घोरते!”

खुलासा करते. प्रोग्रॅम दहाच अक्षरं घेत असे. आदरार्थी बहुवचन त्यात बसत नव्हतं. नाहीतर मी तशी वळणाची सून.

“लिहिलं!” फोन बंद झाला.

मी सावकाश मागं वळले. आत्यांचा काळा चष्मा, त्यामुळं डोळे दिसेनात. त्यांनी एवढंच विचारलं, “बाई कुठली?”

“तासगावकडची.”

“पयलं बाळातपान?”

“माहीत नाही.”

त्यांनी मॅनेजरची खुर्ची ओढली आणि फोनशेजारी बसल्या. मी उभीच. पंगती उठल्या, दुसऱ्या बसल्या. जाऊबाई दोनदा जेवायला बोलवायला आल्या, तर आत्यांनी नुसता हात हलवला. मग दीर आले, “आई, चल की, फोटो काढायचाय. समदी खोळंबल्याती.”

“काढा तुमी,” आत्या म्हणाल्या. “मी हितं घोरत बसलीया.”

दीर माझ्याकडं बघून खाली मान घालून गेले. मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण खरं सांगते, त्या वेळी जास्त भीती त्या फोनची होती. तो वाजेना म्हणून जीव जात होता, आणि वाजला तर काय ऐकायला मिळेल म्हणूनही. त्या न बघितलेल्या बाईला मी मनात काय काय कबूल केलं, ते इथं लिहीत नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा फोन वाजला. मॅनेजरच्या आधी आत्यांनीच उचलला आणि माझ्या कानाला लावला.

“ताई, मिळाले! कुपवाडच्या कारखान्यातला एक टर्नर, लेथवरून उठून तसाच लुनावर आला. हाताचं ग्रीस धुवायलाच निम्मा साबण गेला. दुसरे मार्केट यार्डातले ते शहा काका. उपास होता त्यांचा, उपाशी माणसाचं कसं घ्यायचं? म्हणाले, ‘उपास पुन्हा करता येतो.’ इथंच केळी आणि दूध घेतलं, मग झोपले खाटेवर. तपासून, जुळवून दोन्ही पिशव्या गेल्या. आत्ताच तिकडून निरोप आला. रक्त थांबलं. बाई बोलली, पाणी मागितलं. मुलगी झालीय ताई!”

“प्रज्ञा,” एवढंच म्हटलं.

“ताई, मी तुमचा पासवर्ड कुणाला सांगणार नाही हं,” ती म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. सगळ्या विश्रामबागेला ऐकवून झाल्यावर हे आश्वासन!

दुसऱ्या दिवशी मी पेढीत गेले आणि मॅडम काही बोलायच्या आत पत्ते उघडायचा अधिकार प्रज्ञालाही द्यायला सांगितला. तिचा शब्द तिचा, माझा माझा, मॅडमनी स्वतःचा स्वतः दाबायचा. एसटीडीचा आकडा तिघींना. वहिनींना मी शब्द काढून देणं बंद केलं. तेव्हा आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मग एक दिवस त्यांचा त्यांना आठवायला लागला. सोय आणि राखण यांचं भांडण मिटलं असं नाही, ते मिटत नसतं. दार इतकं सताड उघडं नको की व्हनारा सासरा आत यावा, आणि इतकं घट्ट नको की टर्नरला बोलावता येऊ नये. पण किल्ली कुणाजवळ आहे यापेक्षा ती एकाजवळच का आहे, हे स्वतःला विचारायची सवय लागली. नातीच्या ॲपमध्ये एक सोय आहे म्हणे. आपल्याला काही झालं तर विश्वासातल्या एका माणसाला ते उघडता येतं. मी पहिल्यांदा तेच भरून घेतलं. कुणाचं नाव घातलं ते विचारू नका, सांगायचं नसतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी साताऱ्यात मी फोन ठेवला, आणि टेबलाला धरून आत्यांपुढं उभी राहिले. मंडप मोकळा होत होता.

“बाई वाचली,” मी म्हटलं. “मुलगी झाली. आत्या, माझं चुकलं. मी असं लिहायला नको होतं.”

आत्यांनी चष्मा काढला, पदरानं डोळे टिपले, आणि पुन्हा घातला. मग खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठल्या, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि जेवणाच्या हॉलकडं चालता चालता म्हणाल्या,

“बाई जगली न्हवं, मग झालं तर! आन् हे बघ, नवा सबूद ठिवायचा झाला की मला इचार. तुज्यावरचं माज्यापाशी लय हायती, आन् त्यातला एकबी मी अजून कुनाला कळू दिला न्हाई.”